एक्स-रे रूमपासून फाउंड्रीपर्यंत : रेडिएशनपासून बचावाचे नेहमीचे प्रश्न (बेळगाव सीमाभागासाठी)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीपासून हल्याळ, जोयडा, कारवारपर्यंत रेडिएशनचा विषय निघाला की बोलणं दोनच गोष्टींवर जातं: कैग्याचा अणुऊर्जा प्रकल्प आणि मोबाइल टॉवर. आपल्या भागातल्या माणसाच्या अंगाला प्रत्यक्षात लागणारं रेडिएशन मात्र बहुतेक वेळा सीटी स्कॅनच्या टेबलावर, शिसं नीट न लावलेल्या एक्स-रे रूमच्या दारातून, नाहीतर फाउंड्रीत रात्रपाळीला चाललेल्या कास्टिंगच्या तपासणीतून येतं. म्हणून इथली उत्तरं त्या बाजूला लांब झाली आहेत.

धोक्याचं रेडिएशन नेमकं कोणतं? मोबाइल टॉवर त्यात येतो का?

नाही. अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा ज्या किरणांत असते ती आयनकारी किरणं. एक्स-रे, गॅमा, अल्फा, बीटा आणि न्यूट्रॉन यांत मोडतात. पेशीतल्या डीएनएचे धागे ती तोडू शकतात. मोबाइल, टॉवर, वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्या लहरींत तेवढी ऊर्जा नसते. एमआरआय आणि सोनोग्राफीतही आयनकारी किरणं वापरत नाहीत. या पानावर यापुढे रेडिएशन म्हणजे फक्त आयनकारी किरणं.

मिलिसिव्हर्ट म्हणजे किती? कोणत्या तपासणीत किती डोस मिळतो?

शरीरावर होणाऱ्या परिणामाच्या हिशेबानं डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. काहीही न करता, नुसतं जमिनीवर राहून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीनं 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. माती, दगड, हवेतला रेडॉन वायू, अन्न आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण यांची ती बेरीज आहे.

आता तपासण्या पाहा. दाताचा छोटा एक्स-रे 0.005 मिलिसिव्हर्टच्या आसपास. छातीचा एक्स-रे 0.02 ते 0.1. मॅमोग्राफी सुमारे 0.4. कंबरेच्या मणक्याचा एक्स-रे दीडच्या आसपास. डोक्याचा सीटी साधारण 2, छातीचा 6 ते 7, पोटाचा 8. पेट-सीटी (PET, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून काढलेला स्कॅन) 20 च्या पुढेही जातो. मशीन, पेशंटची जाडी आणि ऑपरेटरची सवय यांनुसार हे आकडे दुप्पट किंवा निम्मे होतात. पण पायऱ्या लक्षात ठेवा: पोटाचा एक सीटी म्हणजे छातीचे ऐंशी ते चारशे एक्स-रे.

एवढ्या डोसनं कॅन्सर होतो का?

परिणाम दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेत ठरावीक मर्यादा ओलांडल्याशिवाय काही होत नाही आणि ओलांडली की होतंच. कातडी लाल पडायला एका जागी 2 ग्रेच्या वर डोस लागतो (ग्रे म्हणजे शरीरानं शोषलेल्या किरणांचं माप; एक्स-रेत 1 ग्रे साधारण 1000 मिलिसिव्हर्टच्या बरोबरीचा), केस गळायला सुमारे 3 ग्रे. पूर्ण शरीराला 1 ग्रे मिळाला तर उलट्या आणि रेडिएशनचा आजार, आणि उपचार न मिळाल्यास 4 ग्रेच्या आसपास निम्मी माणसं दगावतात. रोजच्या तपासण्या या आकड्यांच्या कितीतरी खाली असतात.

दुसऱ्या तऱ्हेत कॅन्सर येतो. इथे मर्यादा नाही असं धरूनच नियम केलेत. आंतरराष्ट्रीय अंदाज दर सिव्हर्टमागे सुमारे 5 टक्के. म्हणजे 10 मिलिसिव्हर्टच्या सीटीमागे साधारण दोन हजारांत एक. गरजेच्या तपासणीपुढे ही जोखीम क्षुल्लक आहे. पण तोच सीटी तीन गावांत तीनदा झाला, तर फायदा एकदाचाच आणि जोखीम तिप्पट.

डॉक्टरांनी सीटी सांगितलाय. करू की नको?

डोक्याला मार, पक्षाघाताची शंका, पोटात अचानक तीव्र दुखणं, अशा वेळी रेडिएशनच्या भीतीनं सीटी टाळणं जिवावर बेतू शकतं. तिथे वाद घालू नका.

तातडीचं नसेल तेव्हा चार गोष्टी विचारा. या रिपोर्टनं उपचारात काही बदल होणार का? सोनोग्राफी किंवा एमआरआयनं भागेल का? किती फेजचा सीटी आहे? पोटाचा सीटी साधा, मग औषध देऊन एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा, असा तीन फेऱ्यांत झाला तर डोसही जवळजवळ तिप्पट होतो. लिव्हरच्या काही आजारांत ते लागतं, नुसत्या मुतखड्याला लागत नाही. मुतखड्यासाठी आधी सोनोग्राफी आणि गरज पडलीच तर कमी डोसचा साधा सीटी पुरतो. चौथी गोष्ट: जुना स्कॅन चालेल का?

हा चौथा प्रश्न सीमाभागात सगळ्यांत महत्त्वाचा. आपला पेशंट निपाणीत दाखवतो, तिथून कोल्हापूर नाहीतर मिरज, मग कुणीतरी सांगतं म्हणून बेळगाव, शेवटी गोवा किंवा हुबळी. प्रत्येक ठिकाणी "आधीची फिल्म स्पष्ट नाही" म्हणून नवा स्कॅन काढला जातो. फिल्मवर निवडक चित्रंच छापलेली असतात. डॉक्टरांना हवा असतो तो मूळ डिजिटल डेटा, म्हणजे डायकॉम फाइल. सेंटरमधून निघतानाच सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या आणि घरच्या किंवा ओळखीच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, कोऱ्या सीडीही हातात पडतात. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो निदानाला उपयोगी नाही. घरात एका पिशवीत सगळ्या सीडी, रिपोर्ट आणि तारखांचा कागद ठेवला, तरी पुढचा एखादा सीटी वाचतो.

मूल लहान आहे. त्याला जास्त धोका असतो का?

हो. मुलांच्या पेशी वेगानं वाढत असतात आणि पुढचं आयुष्यही लांब असतं, म्हणून तेवढ्याच डोसची जोखीम मोठ्यांच्या दुपटी-तिपटीची धरतात. अपेंडिक्सच्या शंकेला मुलांत आधी सोनोग्राफी करतात. सीटी करावाच लागला तर मशीनवर लहान मुलांची सेटिंग लावतात का, हे स्पष्ट विचारा. मोठ्यांच्या सेटिंगवर चार वर्षांच्या पोराचा सीटी काढला तर चित्र छान येतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

सुनेचा एक्स-रे काढला आणि मग कळलं की दिवस गेलेत. गर्भ ठेवायचा का?

या भीतीपायी विनाकारण गर्भपात होतात, म्हणून नीट वाचा. छातीचा, दाताचा, हातापायाचा किंवा मानेचा एक्स-रे असेल तर गर्भापर्यंत 0.01 मिलिग्रेही पोचत नाही. कंबरेच्या एक्स-रेत काही मिलिग्रे. ओटीपोटाच्या सीटीत साधारण 10 ते 25 मिलिग्रे, क्वचित त्याहून जास्त. गर्भाला मिळालेला डोस 100 मिलिग्रेच्या खाली असेल तर केवळ रेडिएशनच्या कारणावरून गर्भपात करायचं कारण नाही, ही आंतरराष्ट्रीय भूमिका आहे. कसलंही रेडिएशन न लागताही सुमारे 3 टक्के बाळांत जन्मजात दोष असतात, हेही ध्यानात ठेवा.

डोस जास्त असल्याची शंका असेल तर तपासणीची तारीख, शरीराचा भाग, किती एक्स्पोजर, आणि सीटी असेल तर मशीननं दाखवलेला डोसचा पानभर तक्ता, हे घेऊन मेडिकल फिजिसिस्टला भेटा. रेडिओथेरपीची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात ते असतात आणि गर्भाचा डोस मोजून लेखी देतात. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूची जडणघडण चालू असते, त्या काळातल्या डोसची चौकशी जास्त काळजीनं करावी लागते.

पाळी चुकली असेल तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. सासू किंवा नवरा शेजारी उभा आहे म्हणून बाई गप्प राहते. टेक्निशियननं हा प्रश्न तिला एकटीला विचारायला हवा.

पेशंटला धरायला आत थांबायला सांगतात. थांबू का?

मूल किंवा म्हातारं माणूस हलत असेल तर कुणीतरी धरावं लागतं. ते काम घरच्या मोठ्या माणसानं करावं, गरोदर बाईनं करू नये. सेंटरच्या आया किंवा वॉर्डबॉयनं रोज धरायचं नसतं, कारण त्यांचा डोस साठत जातो. शिशाचा एप्रन घाला, पेशंटच्या बाजूला उभे राहा, हात मुख्य किरणाच्या चौकोनात जाऊ देऊ नका. एक्स-रे रूममध्ये कामाविना एकही माणूस नको. पुढच्या पेशंटला आतच बाकावर बसवून ठेवत असतील तर उठून बाहेर या.

बटण सोडलं की किरणं संपली. खोलीत, कपड्यांत किंवा भिंतीत काही उरत नाही.

आमच्या भिंतीला लागून एक्स-रे सेंटर आलंय. धोका आहे का?

खोली नियमानं बांधली असेल तर नाही. काय पाहायचं ते सांगतो. साध्या एक्स-रेच्या खोलीचं क्षेत्रफळ साधारण 18 चौरस मीटर लागतं. भिंत 23 सेंटीमीटर, म्हणजे नऊ इंची भरीव विटेची किंवा 15 सेंटीमीटर काँक्रीटची. छातीचा स्टँड ज्या भिंतीला असतो तिच्यावर किरण थेट पडतो, म्हणून ती आणखी जाड किंवा शिसं लावलेली. दाराला आतून 1.7 ते 2 मिलिमीटर शिशाचा पत्रा. खिडकी असेल तर बाहेरच्या जमिनीपासून 2 मीटरच्या वर. दारावर लाल दिवा आणि तीन पाकळ्यांचं चिन्ह.

बिघडतं कुठे? भाड्याच्या गाळ्यात साडेचार इंची पार्टिशन किंवा प्लायवुड उभं करून मशीन बसवलं जातं. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड दिसते, पण सांध्यांत चुना-सिमेंट नीट भरलं नसेल तर फटीतून किरणं जातात. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक तसंच राहतं. सगळ्यांत जास्त गडबड दारात. शिसं मऊ असतं. सुताराला सांगून पत्रा नुसता खिळ्यांनी ठोकला तर वर्षा-दोन वर्षांत तो स्वतःच्या वजनानं खाली सरकतो, वरच्या कडेला बोटभर पट्टी उघडी पडते, आणि बाहेरून सनमायका असल्यानं कुणाला दिसत नाही. पत्रा प्लायच्या दोन फळ्यांमध्ये चिकटवून दाबलेला हवा आणि दाराच्या चौकटीवर त्याचा ओव्हरलॅप हवा.

सेंटरकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी किंवा परवाना असतो. मंडळाच्या ई-लोरा प्रणालीतून तो मिळतो. दर दोन वर्षांनी मशीनची गुणवत्ता तपासणी आणि खोलीभोवतीचा रेडिएशन सर्व्हे होतो. त्या रिपोर्टात तुमच्या बाजूच्या भिंतीचा आकडा असतो, तो दाखवायला सांगा. सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. टीएलडी बॅज कसा वापरायचा?

छातीवर, एप्रनच्या आत. बॅजमधल्या चकत्या तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातात आणि तापवून डोस वाचला जातो. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. बाई गरोदर असल्याचं कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नाही. अठरा वर्षांखालच्या पोराला या कामावर ठेवता येत नाही, मग तो मालकाचा भाचा का असेना.

चुका नेहमीच्याच. ड्युटी संपल्यावर बॅज एप्रनला अडकवून एप्रन खोलीतच टांगायचा, मग तुम्ही नसतानाही बॅज रेडिएशन खात बसतो आणि तिमाहीला चौकशीचं पत्र येतं. बॅज पँटच्या खिशातून धुलाईला जातो. दोघं मिळून एकच बॅज वापरतात. सकाळी एका सेंटरला आणि संध्याकाळी दुसऱ्याला काम करणारा माणूस बॅज एकीकडेच ठेवतो, तर त्याचा निम्मा डोस कागदावर येतच नाही. आणि उलटी चूक: डोस जास्त दिसू नये म्हणून बॅज ड्रॉवरमध्येच. बॅज संरक्षण करत नाही, फक्त सांगतो. त्याला खोटं सांगायला लावलं तर फसता तुम्हीच. कंट्रोल बॅज (कुणी लावायचा नसतो, फक्त तुलनेसाठी दिलेला) रेडिएशनपासून लांब, ऑफिसच्या कपाटात ठेवा.

शिशाचा एप्रन किती दिवस चालतो?

0.25 मिलिमीटर शिशाच्या तोडीचा एप्रन विखुरलेल्या किरणांपैकी सुमारे 90 टक्के अडवतो. सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं मशीन) आणि अँजिओग्राफीसाठी 0.5 मिलिमीटरचा घ्या. आयुष्य वापरापेक्षा ठेवण्यावर ठरतं. घडी करून खुर्चीवर टाकला की घडीच्या रेषेवर आतलं रबर चिरतं, वरचं कापड मात्र धड दिसतं. रुंद हँगरवर टांगा. वर्षातून एकदा फ्लुरोस्कोपीखाली (पडद्यावर चालू दिसणारा एक्स-रे) किंवा एक्स-रे काढून चिरा तपासा आणि एप्रनवर नंबर टाकून नोंद ठेवा.

सी-आर्मवर हाडांचे ऑपरेशन करताना डॉक्टर आणि सिस्टरनी काय सांभाळायचं?

तिथे तुमच्याकडे येणारी किरणं बहुतांशी पेशंटच्या शरीरावरून विखुरतात. म्हणून ट्यूब टेबलाखाली ठेवा, डिटेक्टर वर आणि पेशंटला जितका टेकेल तितका. ट्यूब वर घेतली की विखुरलेली किरणं थेट डोळ्यांवर आणि मानेवर येतात. आडवा एक्स्पोजर घेताना डिटेक्टरच्या बाजूला उभे राहा, ट्यूबच्या बाजूला नको. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, तेव्हा ज्याचं काम नाही त्यानं दोन पावलं मागे जावं. पॅडल दाबून धरू नका, टप्प्याटप्प्यानं दाबा, शेवटचं चित्र पडद्यावर राहतंच. गळ्याला थायरॉइड कॉलर आणि रोज काम असेल तर शिशाचा चष्मा लावा. मोतीबिंदूची मर्यादा 0.5 ग्रेच्या आसपास मानतात आणि वर्षानुवर्षांत ती गाठली जाऊ शकते.

दातांच्या दवाखान्यात?

डोस अगदी कमी. डॉक्टरांनी फिल्म किंवा सेन्सर स्वतःच्या बोटानं तोंडात धरू नये, होल्डर वापरावा, आणि किरणाच्या रेषेबाहेर दोन मीटरवर उभं राहावं.

थायरॉइडसाठी आयोडीन-131 दिलंय. घरी काय काळजी घ्यायची?

इथे पेशंट स्वतःच काही दिवस किरणं सोडत असतो. आयोडीन-131 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 8 दिवस, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. हॉस्पिटलनं लेखी दिलेल्या सूचना डोसप्रमाणे असतात, त्याच पाळा. साधारणपणे वेगळं अंथरूण, लहान मुलं आणि गरोदर बाईपासून दोन मीटर लांब, शक्य असेल तर वेगळं संडास, बसून लघवी आणि दोनदा पाणी, ताट-वाटी वेगळी धुणं, भरपूर पाणी पिणं. घरी परतताना खच्चून भरलेल्या बसमध्ये कुणाच्या मांडीला मांडी लावून तीन तास बसू नका. आपली गाडी असेल तर मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला बसा.

अंगावर पाजणाऱ्या बाईनं आधी पाजणं पूर्ण बंद करावं लागतं आणि या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. गर्भ असेल तर हे औषध देतच नाहीत, आणि नंतर किमान सहा महिने दिवस जाऊ देऊ नयेत. डिस्चार्जचं पत्र जवळ ठेवा, विमानतळावरची रेडिएशनची यंत्रं काही आठवडे वाजू शकतात.

हाडांच्या स्कॅनचं टेक्नेशियम यापेक्षा खूप सौम्य असतं. अर्धायुष्य 6 तास, चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो.

कॅन्सरला शेक दिलेल्या माणसाजवळ बसायला हरकत आहे का?

मशीननं बाहेरून शेक देतात तेव्हा पेशंटच्या अंगात काही राहत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या.

फाउंड्रीत रात्री "आरटी" चालते. कामगारांनी काय सांभाळायचं?

उद्यमबाग आणि मच्छे भागात कास्टिंगचा मोठा धंदा आहे. व्हॉल्व्ह, पंपाची बॉडी अशा मालात आतून पोकळी किंवा भेग नाही हे पाहायला रेडिओग्राफी करतात, तीच ही "आरटी". जाड मालाला बहुधा इरिडियम-192 किंवा कोबाल्ट-60 चा गॅमा स्रोत वापरतात. एक्स-रे मशीनसारखा तो बंद करता येत नाही, फक्त झाकता येतो. कॅमेरा म्हणतात त्या जड डब्यात, युरेनियमच्या कवचात तो बसलेला असतो. क्रँक फिरवला की केबलच्या टोकाला जोडलेला पिगटेल, म्हणजे स्रोत बसवलेला तुकडा, नळीतून बाहेर कास्टिंगपाशी जातो.

आकडे पाहा. 20 क्युरीचा (क्युरी म्हणजे स्रोताच्या ताकदीचं माप) इरिडियम स्रोत उघडा असताना एक मीटरवर तासाला साधारण 100 मिलिसिव्हर्ट देतो. दहा मीटरवर 1, म्हणजे सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा एका तासात. शंभर मीटरवर 0.01. आणि एक सेंटीमीटरवर, म्हणजे बोटांच्या चिमटीत, मीटरभरावरच्या दहा हजारपट. तिथे एका मिनिटात बोट गमावण्याइतका डोस मिळतो.

खास बांधलेल्या जाड काँक्रीटच्या खोलीत काम झालं तर उत्तमच. शेडमध्ये उघड्यावर करायचं असेल तर क्रम असा: दोरीचं कुंपण, दिवे आणि फलक, आतला प्रत्येक माणूस बाहेर, क्रेनच्या केबिनमधला ऑपरेटर खाली, शेडच्या मागे झोपलेले रात्रपाळीचे पोरं उठवून लांब. हे शेवटचे दोन नेहमी विसरले जातात, कारण दोरी जमिनीवर असते आणि क्रेन वर. कंपाउंडच्या पलीकडे वस्ती असेल तर मीटर घेऊन तिथेही मोजावं लागतं. स्रोताच्या तोंडावर टंगस्टनचा कॉलिमेटर लावला की किरण एकाच दिशेला राहतो आणि कुंपण आवाक्यात येतं.

अपघात होतो तो परतीच्या वेळी. नळीला पोचा पडलेला असतो किंवा कपलिंग झिजलेली असते, पिगटेल आत येत नाही, आणि क्रँकचा काटा मात्र "आत" दाखवतो. रेडिओग्राफर थकलेला, अजून आठ फिल्म बाकी. मीटर न घेता तो नळी गुंडाळायला जातो. नियम एकच आणि त्याला सवलत नाही: दर एक्स्पोजरनंतर सर्व्हे मीटर चालू ठेवूनच जवळ जायचं, आणि नळीच्या टोकापासून कॅमेऱ्यापर्यंत मोजायचं. आकडा खाली आला नाही तर मागे फिरा, कुंपण वाढवा, क्रँकला जोर लावू नका, रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. स्रोत परत घालणं हे लांब चिमटे, शिशाच्या पिशव्या आणि प्रशिक्षण असलेल्यांचंच काम.

मालकांसाठी: एजन्सी बाहेरगावची असली तरी शेड तुमचं आहे. काम सुरू होण्याआधी परवाना, सर्टिफाइड रेडिओग्राफरचं नाव, मीटरचं कॅलिब्रेशन आणि सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन नंबर बघा. मीटरची बॅटरी चालू आहे का तेही बघा.

भंगारात अनोळखी जड डबा आला तर?

एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाच्या लिलावातून आलेलं कोबाल्ट-60 चं जुनं यंत्र कामगारांनी उघडलं. एकाचा जीव गेला, अनेकांना गंभीर इजा झाली. 2008 साली भारतीय पोलादातून बनलेली लिफ्टची बटणं फ्रान्समध्ये कोबाल्ट-60 नं दूषित आढळली. भंगारातला स्रोत भट्टीत वितळला की असं होतं. भंगार वितळवणाऱ्या आपल्या फाउंड्रींनी म्हणूनच गेटवर किमान एक हातातला मीटर ठेवावा. लाखोंचा लॉट, भट्टी आणि राख साफ करण्याच्या खर्चापुढे मीटरची किंमत काहीच नाही.

पाटी कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, चिन्ह सगळीकडे तेच: पिवळ्यावर तीन पाकळ्या. 2007 पासून धोकादायक स्रोतांसाठी आणखी एक चिन्ह आलंय, लाल त्रिकोणात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. आकाराच्या मानानं फार जड डबा, आत शिसं, पेनाच्या टोपणाएवढा चकचकीत तुकडा, अशा वस्तू कापू नका, खिशात घालू नका, घरी नेऊ नका. सगळ्यांना किमान 30 मीटर लांब करा, 112 ला फोन करून "रेडिएशनची शंका" असं स्पष्ट सांगा, जवळ गेलेल्यांची नावं लिहून ठेवा, हात धुतल्याशिवाय कुणी खाऊ-पिऊ नये, तंबाखूही मळू नये.

भाजल्यासारखी जखम, पण चटका बसल्याचं आठवत नाही, आणि ती काही दिवसांनी किंवा दोन-तीन आठवड्यांनी उठली. किंवा धातूचा तुकडा हाताळल्यावर काही तासांत उलट्या झाल्या, तर डॉक्टरांना हा संबंध तुम्हीच सांगा. ते स्वतःहून क्वचितच ओळखतात.

कैग्यात काही झालं तर बेळगावला धोका किती?

कैग्याला 220 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. बेळगाव तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे. आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र प्रकल्पाभोवती 16 किलोमीटर, आणि प्रकल्पाबाहेरच्या आपत्तीची सूत्रं उत्तर कन्नडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. पाण्याबद्दल विचारतात, तर काळी नदी पश्चिमेला कारवारकडे जाऊन समुद्राला मिळते. बेळगाव शहर राकसकोप आणि हिडकलचं पाणी पितं, त्यांचा काळीशी संबंध नाही.

नोव्हेंबर 2009 मध्ये प्रकल्पात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त, म्हणजे किरणोत्सर्गी, जड पाणी कुणीतरी मिसळलं आणि कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ते उघडकीस आलं. बाहेर गळती नव्हती. धडा मात्र घेण्यासारखा: नियमित तपासणी चालू होती म्हणून ते सापडलं.

16 किलोमीटरच्या आत असाल आणि सूचना आली तर घरात जा, दारं-खिडक्या, पंखा, एसी बंद करा, विहीर आणि अन्न झाका. बाहेरून आलेल्यानं वरचे कपडे दाराबाहेर पिशवीत बांधावे. नुसते कपडे उतरवल्यानंच अंगावरची बहुतांश धूळ जाते. मग साबणानं अंघोळ, केसांसकट. सांगेपर्यंत उघड्यावरची भाजी आणि चरणाऱ्या गाईचं दूध बंद.

आयोडीनच्या गोळ्या आधीच आणून ठेवू का?

बेळगाव-खानापुरात गरज नाही. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइड वाचवतं, तेही किरणोत्सर्गी आयोडीन हवेत असेल तरच, आणि संपर्काच्या थोडं आधी ते काही तासांच्या आत घेतलं तर. प्रौढाला 130 मिलिग्रॅम, 3 ते 12 वर्षांना 65, महिन्यापासून 3 वर्षांपर्यंत 32, नवजाताला 16. प्रशासनानं सांगितल्यावरच घ्यायचं. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन किंवा जखमेचं टिंक्चर पिऊन काही साधत नाही, टिंक्चर विषारी असतं.

आमच्या मातीत, बोअरच्या पाण्यात युरेनियम आहे म्हणतात?

जिल्ह्याच्या मोठ्या भागात दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, त्यात युरेनियम-थोरियम कमी असतं. ग्रॅनाइटमध्ये ते जास्त. बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूर भागात अणुखनिज संचालनालयानं युरेनियमचा शोध घेतला आहे, त्यामुळे त्या बाजूच्या खोल बोअरचं पाणी एकदा तपासून घेणं शहाणपणाचं. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला 30 मायक्रोग्रॅम. एवढ्या प्रमाणात रेडिएशनपेक्षा मूत्रपिंडावरच्या रासायनिक परिणामाची काळजी जास्त असते. उकळून युरेनियम जात नाही, पाणी आटल्यानं प्रमाण उलट वाढतं. आरओनं बरंचसं निघतं.

गॅसबत्तीची जाळी आणि "रेडिएशनरोधक" पदक?

गॅसबत्तीच्या जाळीत थोरियम असतं. जवळ बसल्यानं काही होत नाही. जुनी जाळी बदलताना तिची राख फुंकू नका, पोराला देऊ नका, नंतर हात धुवा. "नकारात्मक आयन" देणाऱ्या पदकांत आणि ब्रेसलेटांत काही वेळा खरोखरच किरणोत्सर्गी खनिज भरलेलं असतं. नेदरलँड्सच्या नियामकानं डिसेंबर 2021 मध्ये अशा दहा वस्तूंविरुद्ध इशारा दिला होता. ज्यापासून वाचायचं तेच पैसे देऊन गळ्यात कशाला घालायचं?

किरण मारलेला कांदा किंवा आंबा खाल्ला तर?

किरण मारल्यानं पदार्थ किरणोत्सर्गी होत नाही. कोंब येणं थांबतं, कीड मरते. खुशाल खा.

सेंटरबद्दल तक्रार कुठे करायची?

आधी सेंटरच्या प्रमुखाला लेखी अर्ज द्या, नोंदणीची प्रत आणि सर्व्हे रिपोर्ट मागा. दाद लागली नाही तर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे इंग्रजी किंवा हिंदीत लिहा; 1983 पासून वैद्यकीय आणि औद्योगिक रेडिएशनचं नियमन तेच करतं. पत्रात सेंटरचा पूर्ण पत्ता, मशीन कुठल्या भिंतीला आहे, तुमची खोली कुठे, दार उघडं ठेवून एक्स-रे काढतात का, लाल दिवा लागतो का, तारखा आणि बाहेरून काढलेले फोटो द्या. "आम्हाला भीती वाटते" एवढंच लिहिलेल्या पत्रावर काही करता येत नाही. प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.